फॉर्च्युनरचं नाक आणि दोन इंचांचा हिशोब : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात शॉकअपचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलतोय, माफ करा. तीन निवडलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्यातल्या चुका सगळीकडे होतात आणि त्या महाग पडतात.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे 2018 ची फॉर्च्युनर आहे, फोर बाय फोर डिझेल. मळ्याकडचा रस्ता पावसात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोल होतो आणि मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. शिवाय गाडी पुढून वाकलेली दिसते, ते डोळ्याला खटकतं. इथला एक दुकानदार म्हणतो अ‍ॅडजस्टेबल शॉकअपचा सेट टाका, पुढून तीन इंच मागून दोन इंच उचलून देतो. पुढच्या वर्षी स्पितीला जायचंय, टपावर तंबूपण टाकणार आहे. कोणता सेट घेऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, सेट नंतर, आधी टॉर्च घेऊन गाडीखाली जा. घासल्याच्या ताज्या खुणा कुठे आहेत ते बघा, कारण सगळं उत्तर तिथे आहे. फॉर्च्युनरला मागे सरळ सलग एक्सल आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, गोळा लोंबतो. खुणा त्या गोळ्यावर असतील तर जगातला कुठलाही लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारा संच, तुमचं काम करणार नाही, कारण एक्सल चाकांना धरून आहे, स्प्रिंगच्या खाली आहे, बॉडी तुम्ही हातभर उचलली तरी गोळा जमिनीपासून तेवढाच राहणार. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, आणि तोही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्माच. खुणा पुढच्या प्लेटवर, चेसिसवर किंवा फूटबोर्डवर असतील तर मात्र लिफ्टचा उपयोग आहे, कारण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि पुढचा डिफरन्शिअल चेसिसला बांधलेला असल्यामुळे बॉडीबरोबर तोही उचलला जातो.

आता अ‍ॅडजस्टेबल हा शब्द. बाजारात या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. एकाला बाहेर खटका किंवा नॉब असतो, रँचोच्या आरएस 9000 ला असतो तसा नऊ घरांचा, त्याने शॉकअप मऊ-कडक होतो पण गाडी केसभरही उचलली जात नाही. दुसऱ्यात शॉकअपच्या अंगावर आटे किंवा खाचा असतात, स्प्रिंगची खालची वाटी वर सरकवून बसवता येते, त्याने उंची बदलते. तिसरा हवेचा, पंपाने भरायचा, तो मागच्या वजनासाठी. दुकानदाराला सरळ विचारा यातला कोणता देतोस, आणि उत्तर देताना तो गोंधळला तर तिथूनच परत फिरा.

तुमच्या गाडीला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, एकाच उभ्या जोडणीत आहेत, मागे दोन्ही वेगळे. म्हणून पुढे वाटी सरकवून उंची मिळेल, मागे शॉकअप कितीही भारी घेतला तरी मिळणार नाही, तिथे स्प्रिंगच बदलावी लागते. वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिचं उड्या मारणं थांबवतो, एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलंत तरी निम्मी फसवणूक टळते.

पुढे वाटी वर घेतली की नेमकं काय होतं ते सांगतो, कारण गॅरेजवालेपण म्हणतात की स्प्रिंग कडक झाली. ती कडक होत नाही. समजा एका स्प्रिंगवर 700 किलो येतात आणि ती 10 किलोला 1 मिलिमीटर दबते, म्हणजे एकूण 70 मिलिमीटर दबली. वाटी 20 मिलिमीटर वर घेतली तरी वजन तेच आहे, त्यामुळे स्प्रिंग 70 च दबणार, फक्त बॉडी वर गेली. आणि शॉकअप खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्याच्या, मध्याजवळ बसलेला असल्यामुळे तिथले 20 मिलिमीटर चाकापाशी दीडपट ते दुप्पट होतात. म्हणून थोडंसं सरकवलं तरी नाक भसकन वर येतं आणि माणसाला वाटतं अजून घेऊ या.

इथेच गडबड होते. शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी ठरलेली आहे, ती वाटी सरकवून वाढत नाही. चाक खड्ड्यात खाली लोंबायला जी जागा होती त्यातूनच तुम्ही उंची काढून घेतलीत, समजा 80 मिलिमीटर लोंबत होतं आणि तुम्ही 75 ने उचललंत तर उरले 5. मग स्पीड ब्रेकर उतरताना पुढून ठक्क असा आवाज येतो, लोक म्हणतात नवीन शॉकअप कडक आहेत, बसतील हळूहळू. ते बसत नसतात दादा, तो शॉकअप शेवटाला जाऊन आपटतोय आणि एक दिवस त्याचं सील जातं.

त्याशिवाय फोर बाय फोर असल्यामुळे पुढच्या चाकांना एक्सल शाफ्ट आहेत. गाडी जेवढी उचलाल तेवढा त्यांचा कोन वाढतो, रबरी बूट घड्यांमध्ये घासून फाटतो, ग्रीस उडतं, चिखल आत जातो आणि वळताना कटकट सुरू होते. फोर बाय टू फॉर्च्युनर मागच्या चाकांवर चालते त्यामुळे त्यांना हा त्रास नाही, पण वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटवर, म्हणजे टोकाच्या गोल सांध्यावर, ताण येतो तो त्रास दोघांनाही आहे. अलाइनमेंटमध्ये कास्टर कमी होतो, म्हणजे स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ यायचं ते आळशीपणाने येतं आणि हायवेवर गाडी सारखी धरून ठेवावी लागते. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने, म्हणजे फिरवून आर्म सरकवणाऱ्या बोल्टने, थोडं भरून काढता येतं पण दोन इंचांच्या आसपास तो बोल्ट संपतो, मग वरचे आर्म बदला, म्हणजे पुन्हा खर्च.

तुमच्या डोळ्याला खटकणाऱ्या वाकलेपणाबद्दल. कंपनी मागची बाजू मुद्दाम थोडी वर ठेवते, सात माणसं आणि सामान बसलं की गाडी सपाट यावी म्हणून. फॉर्च्युनरचा व्हीलबेस 2745 मिलिमीटर आहे, त्या हिशोबाने नुसतं पुढून 48 मिलिमीटर उचललं की सगळी गाडी एक अंशाने मागे कलते आणि हेडलाइटचा झोत 50 मीटरवर जवळजवळ 87 सेंटिमीटर वर जातो. त्यात मागे तंबूचं आणि सामानाचं वजन आलं की अजून. आंबा घाटात रात्री समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तुमचे दिवे, विचार करा. लेव्हल केली, म्हणजे पुढून उचलून सपाट केली, की हेडलाइट सेट करून घ्यायचेच, त्यात सूट नाही.

मग काय घ्यावं. माझं मत, तीन इंच सोडून द्या. पुढून दीड इंचापर्यंत आणि मागून त्याच्या जवळपास, एवढ्यात फॉर्च्युनर चांगली वागते. आधी तंबूच्या वजनासकट, टाकी भरून, घरची माणसं बसवून वजनकाट्यावर जा. तुमच्याकडे उसामुळे काट्यांची कमी नाही. पुढची दोन चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, वजाबाकी केली की मागचं वजन मिळतं, ते आकडे घेऊन स्प्रिंग मागा. कायम 100-150 किलो जास्तीचं असेल तर मध्यम स्प्रिंग, आणि वर्षातून एकदाच स्पितीला जाणार असाल तर जड स्प्रिंग अजिबात नको, उरलेले अकरा महिने रिकामी गाडी मागून बैलगाडीसारखी उधळेल आणि घरचे बोलतील. शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणाराच घ्या, एकाच कंपनीचा जोड, आणि लिफ्टसाठी लांब केलेला आहे का ते लेखी विचारा. ओल्ड मॅन एमूचा बीपी 51 सारखा महाग माल दुकानदार पुढे करेल, 51 मिलिमीटर बोअरचा, दाब आणि उसळी दोन्ही वेगवेगळी सेट करता येणारा, वस्तू फार सुंदर आहे, पण मळ्याच्या रस्त्याला आणि एका स्पितीला तेवढी गरज नाही असं मला मनापासून वाटतं. टपावरच्या तंबूचं वजन आणि लिफ्ट दोन्हींनी गाडीचा तोल वर सरकतो हे घाटातल्या वळणांवर विसरू नका.

कायदा पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीत आणि कंपनीच्या मूळ तपशिलात आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं, आणि कलम 182 अ खाली दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. झिजलेला शॉकअप त्याच मापाने बदलणं ही दुरुस्ती झाली, तीन इंच उचलणं ही दुरुस्ती नाही. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, अपघातानंतर विचारण्यात काही अर्थ नसतो.

आणि बसवताना दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. दबलेली स्प्रिंग चांगल्या कंप्रेसरनेच उघडायची, दोरी-साखळी बांधून नाही, सुटलेल्या स्प्रिंगने भिंतीत केलेला खड्डा मी एका गॅरेजात बघितलाय आणि तिथे दोन मिनिटं आधी पोरगा बसला होता. दुसरं, आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर लोंबत असताना आवळले की बूश, म्हणजे सांध्यातली रबरं, पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकरच फाटतात. ब्रेकचे पाइप आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबल्यावर ताणली जात नाही ना, तेही तेव्हाच दिसतं.

प्रश्न : काका, आमची स्कॉर्पिओ-एन आहे, सात जण आणि बॅगा भरून चोर्ला घाटाने बेळगावला गेलो की मागून बसते. गॅसचे शॉकअप टाकले की मागची बाजू उचलली जाते म्हणतात, खरं का? का स्प्रिंगमध्ये रबर घालू?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : अगदी थोडी उचलली जाते, म्हणून तर हा समज पसरलाय. गॅसच्या शॉकअपमध्ये आतला दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो. समजा दाब 25 किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि दांडा 14 मिलिमीटरचा, तर जोर येतो साधारण 38 किलो. दोन शॉकअपचे मिळून 76, म्हणजे एका माणसाएवढे. तुम्ही बसवताय सात माणसं आणि बॅगा. गॅसचा खरा फायदा वेगळा आहे, खराब रस्त्यावर आतल्या तेलाचा फेस होत नाही आणि शॉकअप थकत नाही, 1957 साली मर्सिडीजने बिल्स्टाइनचे असे शॉकअप कारखान्यातूनच लावायला सुरुवात केली ती त्याचसाठी.

रबराचे बफर वेटोळ्यांमध्ये घातले की तेवढी वेटोळी काम करायची थांबतात, गाडी बसत नाही पण सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो आणि रिकाम्या गाडीत ते धक्के पाठीला कळतात. मी ते कायमचे ठेवणार नाही. तुमच्यासारख्या कधीकधी भरणाऱ्या गाडीला स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी बरी, निघताना हवा भरा, परत आल्यावर कमी करा, फक्त तुमच्या मॉडेलच्या मापाचीच घ्या. आणि पिशवीने गाडी सपाट दिसते म्हणून जास्त वजन भरायची परवानगी मिळत नाही, ब्रेक आणि एक्सल तेच आहेत. त्याआधी स्प्रिंगच दमली नाही ना ते बघा. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की माप चुकतं. डावी-उजवी बाजू वेगळी आली किंवा दुसऱ्या एखाद्या नव्या स्कॉर्पिओ-एनपेक्षा बरीच कमी आली तर पिशवी नको, स्प्रिंग बदला.

प्रश्न : इथे टेक्ससमध्ये आमची 2014 ची टोयोटा सेक्वोया आहे, एसआर 5. पुढे बिल्स्टाइन 5100 सगळ्यात वरच्या खाचेत टाकून लेव्हल करायचा विचार आहे. उन्हाळ्यात 5000 पाउंडांचा कॅम्पर ओढून कोलोरॅडोला जातो. मागे पण 5100 टाकले तर मागून पण उचलली जाईल ना?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : मागून नाही उचलली जाणार. 5100 मध्ये खाचा असतात त्या पुढच्या जोडीला, खाचेत सर्कलिप, म्हणजे पोलादी कडी, बसते आणि तिच्यावर स्प्रिंगची वाटी. मागचे 5100 नुसते चांगले शॉकअप आहेत. आणि खाच बदलायची म्हणजे सगळी जोडणी उतरवून स्प्रिंग दाबून पुन्हा बसवायची, आट्यांच्या कॉइलओव्हरसारखं (स्प्रिंग-शॉकअपच्या एकत्र जोडणीसारखं) गाडीवरच पाना लावून होत नाही, त्यामुळे खाच पहिल्यांदाच विचार करून निवडा.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात वरची खाच निवडणार नाही. कॅम्परच्या वजनाचे 10 ते 15 टक्के हुकवर येतात, म्हणजे 500 ते 750 पाउंड, तेही मागच्या चाकांच्या मागे, त्याने मागची बाजू दबते आणि पुढची हलकी होते. घरासमोर रिकामी उभी असताना जी सेक्वोया सपाट दिसेल ती कॅम्पर जोडल्यावर नाक वर करून चालेल, पुढच्या चाकांवरची पकड कमी, स्टेअरिंग हलकं, आणि डोंगर उतरताना ते फार भीतीदायक असतं. मागची कंपनीने ठेवलेली उंची तुमच्यासाठीच आहे, ती खाऊन टाकू नका. खालची किंवा फार तर एक वरची खाच, सोबत वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे हुकवरचं वजन पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी, आणि तरीही मागून बसलीच तर एअर लिफ्ट 1000 सारख्या स्प्रिंगमधल्या पिशव्या, त्यांना रिकाम्या गाडीतसुद्धा किमान 5 पीएसआय ठेवावे लागतात आणि 35 च्या वर जायचं नाही. तुमच्या सेक्वोयाला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे मागून स्प्रिंगने उचलायला गेलात तर तिथल्याही एक्सल शाफ्टचे कोन वाढतात.

निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर एकदा नुसती गाडी आणि एकदा कॅम्पर जोडून असं दोनदा वजन करा, प्रत्येक एक्सलचं वेगळं छापून मिळतं. कॅम्पर जोडल्यावर पुढच्या एक्सलवरचं वजन नुसत्या गाडीपेक्षा फार कमी आलं तर हिचच्या साखळ्या एक कडी घट्ट करून परत करा, आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा ओलांडला जात असेल तर आधी पाण्याची टाकी रिकामी करा.