हप्ते थकले म्हणून भरलेले सगळे पैसे बुडतात का?

ताई, तुमचा मेसेज आणि अ‍ॅग्रीमेंटचे फोटो पाहिले. शिलाई मशीन महिना 2,600 भाड्यानं घेतलं, 18 महिने भरले की मशीन तुमचं, 14 भरून झाले, सासूबाईंच्या दवाखान्यात दोन थकले आणि आता दुकानदार म्हणतो मशीन आणून द्या, भरलेलं विसरा, वर रोजचा 100 रुपये दंड.

आधी कडू ते सांगतो. शेवटचा हप्ता जाईपर्यंत मशीन कागदोपत्री त्याचंच, त्यामुळे विकू नका, माहेरी लपवून ठेवू नका, तिथे तुमचीच बाजू लंगडी पडेल. आणि अशा भाडे-खरेदीसाठी (भाडं भरत भरत वस्तू आपली होते, तो व्यवहार) वेगळा कायदा 1972 साली झाला खरा, पण लागूच केला नाही आणि 2005 ला रद्द केला, तेहतीस वर्षं नुसता पुस्तकात!

पण म्हणून तो छापेल तो कायदा, असंही नाही. तुम्ही 36,400 भरलेत, रोख किंमत होती 31,000. काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 74 म्हणतं की करारात दंड कितीही लिहा, मिळणार वाजवी भरपाईच. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(46) आहे, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार तिथे अन्यायकारक धरलाय. अशी अट रद्दच करून हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात नाही, राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं, इथे बरेच जण (वकीलसुद्धा) चुकतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

मशीनवर कमावता म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं तो म्हणेल. म्हणू दे, पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्यानं ग्राहकच. करारातल्या ‘वाद फक्त पुण्यात’ या अटीलाही घाबरू नका, तुम्ही राहता त्या भागातल्या आयोगात तक्रार करता येते.

आज एवढं करा, थकलेले दोन हप्ते बँकेतून पाठवा, रोख नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की पुढचेही भरायला तयार आहे, हिशोब लेखी द्या. त्यानं पैसे परत पाठवले तर तोही पुरावाच, मग स्पीड पोस्टानं नोटीस देऊ. माणसं घेऊन दारात आला, दमदाटी केली तर सरळ 112 लावा. आणि ‘मशीन राजीखुशीने परत दिलं’ असल्या कागदावर सही मागतील, ती अजिबात करू नका.