दीड वर्षाच्या मुलाची कानाची तपासणी कशी करतात? त्याला दुखतं का?

अजिबात दुखत नाही. कपाळाला आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतोय का ते मशीन टिपतं. हीच 'बेरा' नावाची ऐकण्याची चाचणी. खरी कसरत वेगळीच आहे: मूल गाढ झोपलेलं लागतं!

आम्ही मुलीला वांद्रे रेक्लमेशनच्या 'अली यावर जंग' या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत नेलं होतं. सकाळी लवकर उठवलं, पण लोकलच्या झोक्यात ती अंधेरीलाच पेंगायला लागली. मग काय, सांताक्रूझपर्यंत गुदगुल्या आणि खिडकीतून 'ती बघ गाडी'. वाटेत झोपली की तिथे टक्क जागी राहते. दूध आणि तिची रोजची गोधडी सोबत ठेवा. झोपेचं औषध लागलंच तर डॉक्टरच देतील, घरून काही पाजून नेऊ नका.

सर्दी असेल तर आधी सांगा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. आणि 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणणाऱ्या आजीकडे सध्या कानाडोळा करा. खरं तर जन्मानंतर पहिल्याच महिन्यात ऐकण्याची प्राथमिक चाचणी व्हायला हवी.