लेकीला सलोख्याचं काम करायचंय

धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षक पालकांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कार्यशाळेहून आल्यापासून तिच्या मनानं घेतलंय की द्वेष आणि हिंसक कट्टरता रोखण्यासाठी लोकसंवादाचं काम करायचं. घरच्यांना वाटतं तिनं बी.एड. करावं, जोडीला एमपीएससी द्यावी. ते विचारतात, “यात पोट भरेल का? आणि धोका किती?”

नमस्कार सर,

पोट भरेल, पण केवळ ‘कट्टरता प्रतिबंध’ अशा पाटीच्या भरवशावर नाही. त्या नावाच्या नोकऱ्या आपल्याकडे फार थोड्या. बहुतेक काम संयुक्त राष्ट्रांच्या किंवा सामाजिक संस्थांच्या प्रकल्पांवर असतं आणि प्रकल्प संपला की करारही संपतो. म्हणून आधी एक कौशल्य पक्कं हवं: बातमीदारी, फॅक्टचेकिंग (बातमी-व्हिडिओ खरा की खोटा ते तपासणं), ऑडिओ-व्हिडिओ किंवा गावोगावचं संशोधन. ते असलं की या कामात शिरता येतं आणि करार संपला तरी ती रिकामी बसत नाही.

या कामाची गरज तुम्हाला मी काय सांगावी? 1 जुलै 2018 ला तुमच्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. ही कुठल्या संघटनेनं पोसलेली कट्टरता नव्हती, पण अनोळखी माणसाबद्दलची भीती जमावाला हिंसेपर्यंत कशी नेते, हे तिथे दिसलं. मर्यादेमुळे अफवेचा वेग कमी होतो. पण त्या क्षणी “थांबा, आधी पोलिसांना येऊ द्या” म्हणणारं आणि ज्याचं लोक ऐकतील असं माणूस गावातच असावं लागतं. अशी माणसं आधीपासून हेरणं, त्यांच्याशी नातं जोडणं, खरी माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं, हा तुमच्या मुलीच्या कामाचा गाभा आहे.

भिवंडीत हे घडलेलं आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ते गाव होरपळलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस, गडबड नसतानाही भेटत राहिले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल उसळल्यावर काढलेल्या पत्रकानं हे साधलं नसतं.

रवांडाचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. 1994 च्या वंशसंहारात तिथल्या एका रेडिओ केंद्रानं उघड द्वेष पसरवला होता. 2004 पासून त्याच देशात रेडिओवर ‘मुसेकेवेया’ ही सलोख्याची मालिका सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पलक यांनी तिचा परिणाम तपासला. अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. श्रोत्यांची मनातली मतं फारशी बदलली नव्हती. आपल्या भोवतीचे लोक काय योग्य मानतात, याची त्यांची समजूत मात्र बदलली, आणि काही प्रमाणात वागणंही. ‘आपण सारे भाऊ-भाऊ’ छापाच्या पोस्टरांवर पैसा घालवणाऱ्या मोहिमा मला म्हणूनच पोकळ वाटतात. परिणाम मोजायला तिनं शिकलंच पाहिजे. बी.ए.वाली मुलं आकडेवारीला बिचकतात. तिनं बिचकू नये.

धोक्याचं विचारलंत, ते बरं केलंत. या विषयावर बोलणाऱ्या मुलींना ऑनलाइन शिवीगाळ होते. हिंसेचे व्हिडिओ तपासत बसलं तर मनावर ओझं येतं. संस्था निवडताना या दोन्हींसाठी तिथे काय सोय आहे, ते तिनं मुलाखतीतच विचारावं. आणखी एक विचारावं: पैसा कोणाचा, आणि लोकांनी विश्वासानं सांगितलेलं कुठे जातं? कट्टरता रोखण्यासाठीच्या ब्रिटनच्या ‘प्रिव्हेंट’ या सरकारी धोरणावर मुस्लिम समाजाला संशयित ठरवल्याची टीका वर्षानुवर्षं होते आहे. एकाच समाजाकडे बोट दाखवणाऱ्या प्रकल्पात तिनं जाऊ नये, पगार कितीही असो.

शिक्षणासाठी पत्रकारिता शिकवणारं पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचं नेल्सन मंडेला शांतता केंद्र पाहा. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीचे वाचा. तुमची एमपीएससीची इच्छाही यात बसते. शासनाच्या माहिती खात्यातली अधिकारीपदं आयोगामार्फत भरली गेली आहेत आणि त्यांना पत्रकारितेचं शिक्षण लागतं. बी.एड. तूर्त थांबवा.

अहिराणी घरची, मराठी शिक्षणाची. त्यात तिनं उर्दू लिपी आणि नेटकं इंग्रजी लेखन जोडलं, तर खानदेशात तिच्या तोडीचे उमेदवार थोडेच असतील.

निकाल लागेपर्यंत तिला एक काम द्या. गावात एखादी बातमी पसरली की पहिल्यांदा कोणाकडून कळते, खरं-खोटं लोक कोणाला विचारतात, बायका कोणाला आणि तरुण पोरं कोणाला, हे तिनं आठवडाभर नुसतं ऐकून टिपावं. कोणाचं नाव लिहू नये. दोन पानं झाली की मला पाठवा. ती वाचून अर्ज कुठे करायचा ते तिच्याशीच बोलते.