एकच कामगार, डॉलरचे तीन भाव

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमाग चालवतो. अमेरिकेतील कामगार भारतीय कामगारापेक्षा कित्येक पट अधिक उत्पादन करतो, असे लेखांतून वारंवार वाचायला मिळते. चलन निराळे, कापडाचा पोत निराळा, कामाचे तास निराळे. मग ही तुलना करतात तरी कशी? आणि आमच्यासारख्यांच्या मागांची मोजदाद तिच्यात होते काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपला व्यवसाय कापडाचा असल्याने उदाहरणही कापडाचेच घेऊ. समजा, एका भारतीय गिरणीत दर कामगारामागे वर्षाला १२ लाख रुपयांचे कापड निघते आणि अमेरिकेतील गिरणीत ६० हजार डॉलरचे. डॉलरचा बाजारभाव ८० रुपये धरला, तर आपल्या कामगाराचे उत्पादन १५ हजार डॉलर, म्हणजे अमेरिकी कामगाराच्या पाव हिस्सा ठरते. पण बाजारातील विनिमय दर हा आयात-निर्यात, भांडवलाची ये-जा आणि सट्टा यांवर हलत असतो. रुपया घसरला म्हणून आपल्या मागावरचे कापड काही आखूड होत नाही.

म्हणून अनेक जण क्रयशक्तीवर आधारित दर वापरतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेत अमेरिकेत एका डॉलरला मिळणारी खरेदी भारतात सरासरी २०.६५ रुपयांत होत होती, तर त्या वर्षी बाजारातील दर ६५ रुपयांच्या आसपास होता. वरच्या उदाहरणात डॉलर २० रुपयांचा धरला, तर दोन्ही कामगार एकदम बरोबरीचे होतात! हे उत्तर सुखावणारे असले तरी तितकेच फसवे आहे. हा सरासरी दर इतका खाली येतो तो मुख्यतः केशकर्तन, घरकाम, शाळेची फी, रिक्षाचे भाडे अशा सेवा आपल्याकडे स्वस्त असल्यामुळे. सूत, पोलाद किंवा रसायने यांचे भाव देशोदेशी एकमेकांच्या बरेच जवळ असतात, त्यामुळे न्हाव्याच्या दराने कापडाचे मोल ठरवणे चुकीचे आहे.

यावरचा मार्ग म्हणजे त्या-त्या उद्योगाचा स्वतःचा दर काढणे. दोन्ही देशांच्या औद्योगिक गणनांत कारखान्याबाहेर पडलेल्या मालाचे मूल्य आणि त्याचे परिमाण दिलेले असते. मूल्याला परिमाणाने भागले की एका किलो सुताचा किंवा एका टन सिमेंटचा कारखान्याच्या दारातला भाव मिळतो. तेच कापड इथे मीटरला ६० रुपये आणि तिथे दीड डॉलर असेल, तर कापडापुरता डॉलर ४० रुपयांचा, आणि आपला कामगार अमेरिकी कामगाराच्या निम्मा. अर्थतज्ज्ञ ॲंगस मॅडिसन यांनी १९८३ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पाने ही रीत पुष्कळ देशांना लावून पाहिली. सिमेंट आणि साखर यांच्या बाबतीत ती चोख चालते; मोटारी किंवा यंत्रे यांच्या बाबतीत मात्र 'तीच वस्तू' कोणती, हे ठरवतानाच दमछाक होते. शिवाय कच्च्या मालाचाही दोन्हीकडचा भाव निरनिराळा असतो, आणि तयार मालाचा दर तसाच कच्च्या मालालाही लावला तर मूल्यवर्धनाचा, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता उरणारा, आकडा पार बिघडू शकतो.

चलनाचा हा सगळा घोळ टाळायचा असेल, तर सरळ वस्तूच मोजता येतात. अर्थतज्ज्ञ लास्लो रोस्टास यांनी १९४८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना अशीच केली आणि अमेरिकी कारखानदारीची श्रम-उत्पादकता ब्रिटनच्या सुमारे दुप्पट असल्याचे दाखवले. सूतगिरण्यांबद्दल आर्थिक इतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये मांडलेला हिशेब तर आपल्या अगदी जवळचा आहे : १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील एक गिरणी कामगार दीड ब्रिटिश, २.३ जर्मन आणि जवळजवळ सहा भारतीय, जपानी किंवा चिनी कामगारांइतके काम करत असे.

हा आकडा वाचून कामगाराला आळशी ठरवण्याची घाई पुष्कळांनी केली. मला ती पटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत मुख्यतः जाडे सूत निघत असे, इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये बारीक. नुसते वजन मोजले तर जाडे सूत काढणारा उगाच पुढे दिसतो, म्हणून काउंटचा, म्हणजे सुताच्या जाडी-बारकाईचा, फरक आधी काढून टाकावा लागतो. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत वारंवार तुटते, आणि तुटलेला धागा सांधायला जादा हात लागतात, हे आपल्याला सांगायला नको. आणि मजुरी स्वस्त असेल तिथे मालक त्याच साच्यांवर, म्हणजे मागांवर, अधिक माणसे ठेवतो. क्लार्क यांच्या मते केवळ एवढ्याने सहापटीचा फरक भरून निघत नाही, आणि इथे इतिहासकारांत खरा मतभेद आहे. कामगारांची बाजूही नोंदवायला हवी : दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याची सक्ती हे १९२८ च्या मुंबईतील सहा महिन्यांच्या संपाचे एक मोठे कारण होते, कारण कापूस आणि यंत्रे तीच ठेवून साचे वाढवले तर आकड्यात दिसणारी 'उत्पादकता' कामगाराच्या अंगावरच पडते.

आता आपल्या मागांविषयी. भारतातील बहुतेक तुलना वार्षिक उद्योग पाहणीवर उभ्या असतात. तीत परंपरेने वीज वापरणारे व दहा किंवा अधिक कामगार असलेले कारखाने येत आले आहेत. विजेविना चालणाऱ्यांसाठी ही मर्यादा वीसची होती. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील चार-सहा कामगारांच्या शेड या पाहणीत येत नाहीत. त्यांची माहिती असंघटित उपक्रमांच्या वेगळ्या सर्वेक्षणातून घेतली जाते. त्यामुळे 'भारतीय वस्त्रोद्योग' या नावाखाली दिलेला आकडा केवळ मोठ्या गिरण्यांचा असेल, तर तो प्रत्यक्षापेक्षा बराच उजळ दिसतो. आपले माग त्यात मिळवले तर दर माणशी आकडा खाली येईल, आणि बारा तासांची पाळी ध्यानात घेऊन तो तासामागे काढला तर आणखी खाली. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या घरच्या माणसांना कामगार म्हणून मोजायचे की नाही, यावरही तो हलतो. माझ्या मते मोजायलाच हवे.