द्विधातुक की द्विधात्विक?

प्रश्न असा आहे: कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या मदतीने इंधन बनवताना तांबं-चांदी अशी जोडी वापरतात. त्या उत्प्रेरकाला द्विधात्विक म्हणायचं, द्विधातुक, की सरळ मिश्रधातू?

मिश्रधातू अजिबात नको. ऐकून ऐकून कान किटलेत. मिश्रधातूत घटक एकजीव केलेले असतात, आणि ते दोनच हवेत, सगळे धातूच हवेत असंही नाही. पोलादात कार्बन असतोच की. इथे एका धातूच्या कणावर दुसऱ्याचं कवच असू शकतं, किंवा दोघांचे कण नुसते शेजारी शेजारी.

राहिलं 'द्विधात्विक'. 'आण्विक चालतं, मग हे का नाही?' म्हणणाऱ्यांना माझा उलट प्रश्न: तुम्ही सहेतुक म्हणता की सहेत्विक? पाणिनीच्या व्याकरणातल्या संज्ञाही सार्वधातुक, आर्धधातुक अशाच आहेत. आणि ज्या अणूचा दाखला देता, त्याच्या जोडीला वैशेषिकांनी, म्हणजे अणूंचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनकारांनी, काय म्हटलं? द्व्यणुक! साचा तयार पडलाय आणि परिभाषा घडवणाऱ्यांना तो दिसत नाही.

खरी गंमत 'धातू'तच आहे. मूळ 'धा', म्हणजे ठेवणे, धारण करणे. बाकीचं ज्याच्यावर उभं राहतं तो धातू: वैद्याला रस-रक्त, वैयाकरणाला क्रियापदाचं मूळ, रसायनवाल्याला तांबं. आता माझं लाडकं मत, पटो न पटो. हा उत्प्रेरक म्हणजे आपलं संयुक्त क्रियापद! 'खाऊन टाकलं' यात 'खा' आणि 'टाक' हे दोन धातू. पहिला काम हाती घेतो, दुसरा तडीस नेतो. चांदी कार्बन डायऑक्साइडला २ इलेक्ट्रॉन देऊन कार्बन मोनॉक्साइडवर आणून सोडते. तिची धाव तिथवरच. शेजारचं तांबं तो उचलतं, दोन कार्बन सांधतं आणि एथिलीन या हायड्रोकार्बनपर्यंत पोचवतं. एथिलीनच्या एका रेणूमागे एकूण १२ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. एकटं तांबंही हायड्रोकार्बन बनवतं. जपानच्या योशिओ होरींनी १९८५ साली तांब्यावर मिथेन मिळाल्याचं दाखवलंच होतं. पण एकट्याच्या कामात मिथेन, एथिलीन, हायड्रोजन असा सगळा पसारा. नुसतं 'खाल्लं' म्हटल्यावर ताट रिकामं झालं की नाही ते कुठे कळतं?

हां, प्रश्न राहिलाच. द्विधातुक. 'तु' ऱ्हस्व.