हास्केलमधून पायथनचा कोड कॉल करायचा तर एम्बेड करावा की वेगळी प्रोसेस ठेवावी?

तुमचा प्रश्न मी असा समजले: सर्व्हर हास्केलमध्ये आहे, कामाचा एक मोठा तुकडा पायथनमध्ये आधीच लिहिलेला आहे, तो परत न लिहिता हास्केलमधून कॉल करायचाय, दिवसाला वीसेक हजार रेकॉर्ड आहेत, आणि पायथन एम्बेड करावं, म्हणजे सर्व्हरच्या आतच बसवावं, की बाहेर वेगळं चालवावं हे ठरत नाहीये. मी पुण्यात एका छोट्या टीममध्ये नेमकं हेच काम करते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थेट उत्तर आधी. पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, ती प्रोसेस एकदा सुरू करून जिवंत ठेवा आणि पाइपवरून (दोन प्रोग्रॅममधली डेटाची नळी) जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, पाठवा. एम्बेडिंगचा विचार त्यानंतर, तोही मोजून बघितल्यावरच.

आमच्याकडे काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. डिलिव्हरीचे नियम, दर, रूट हे सगळं हास्केलमध्ये, आणि लोकांनी टाइप केलेला पत्ता फोडून त्यातून पेठ, रस्ता, खूण, पिनकोड वेगळं काढायचं काम पायथनमध्ये. आता पुण्यातला पत्ता म्हणजे 'खुन्या मुरलीधराच्या मागे, स. पेठ' किंवा 'पासोड्या विठोबाशेजारचा बोळ, दुसरा जिना', घरनंबर असला तर असला. हे सगळं ओळखणारा कोड आमच्या एका सहकाऱ्याने तीन वर्षं खपून लिहिलाय, प्रत्येक नियमामागे कुठलं तरी परत आलेलं पार्सल आहे, तो कोड हास्केलमध्ये परत लिहायचा म्हणजे ती तीन वर्षं पाण्यात. त्यामुळे तुमच्याकडे कोणी 'त्यापेक्षा सगळं परत लिहून टाका' म्हणत असेल तर माझं मत विचाराल तर अजिबात लिहू नका.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हास्केलचं रीडप्रोसेस फंक्शन वापरून प्रत्येक वेळी पायथन सुरू करायचं, इनपुट द्यायचं, आउटपुट घ्यायचं. दिवसातून दहा वेळा लागत असेल तर हाच करा, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण प्रत्येक कॉलला इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने उठतो, वर पांडाजसारखी जड लायब्ररी इम्पोर्ट होत असेल तर एका पत्त्यासाठी एक सेकंद सहज जातो, आणि वीस हजार सेकंद म्हणजे साडेपाच तास. म्हणून प्रोसेस एकदाच उठवायची आणि तिला प्रश्न विचारत राहायचं.

आता हास्केलच्या बाजूने क्रिएटप्रोसेस करून स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटचे पाइप घ्या, आणि प्रत्येक मेसेजच्या आधी 4 बाइटमध्ये त्याची लांबी पाठवा. एर्लंग आणि एलिक्सर ह्या भाषांवाले त्यांच्या पोर्टसाठी (बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलायची सोय) हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरतात, तिथे तर 'पॅकेट 4' असं नुसतं सांगितलं की झालं, आपल्याला दहा-बारा ओळी हाताने लिहाव्या लागतात. दोन्ही बाजूंना प्रत्येक मेसेजनंतर फ्लश करायला, म्हणजे साठलेलं लगेच पुढे ढकलायला, विसरू नका. समोर टर्मिनल असलं की पायथन ओळ संपल्यावर लगेच लिहून मोकळं होतं पण समोर पाइप असला की ते बफरमध्ये साठवून ठेवतं, हास्केलच्या हँडलचंही तसंच, त्यामुळे हाताने चालवलं तर सगळं ठीक आणि एकमेकांना जोडलं की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

ह्या लांबीवरून आमचे दोन दिवस गेले ते सांगते, कारण मराठी डेटा असेल तर तुमचेही जातील.

पायथनच्या बाजूने कोड असा होता की उत्तराची जेसन स्ट्रिंग बनवायची, लेन फंक्शनने तिची लांबी मोजायची, ती लांबी लिहायची आणि मग स्ट्रिंग यूटीएफ-8 (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) करून लिहायची. हे पाच महिने व्यवस्थित चाललं. मग एकाने लॉग वाचता यावेत म्हणून जेसन बनवताना 'एन्शुअर ऍस्की' हे सेटिंग फॉल्स केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर थांबलेला, एरर नाही, क्रॅश नाही, नुसता थांबलेला. झालं होतं असं की लेन अक्षरं मोजतं, बाइट नाही. 'पुणे' ह्या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा असे 4 कोडपॉइंट (युनिकोडमधले सुटे घटक) येतात, पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइट घेतो म्हणजे 12 बाइट. आधी हे बाहेर आलं नाही कारण पायथनचं जेसन मुळात सगळी मराठी अक्षरं बॅकस्लॅश-यू वाल्या आकड्यांमध्ये बदलून टाकतं, मग सगळं ऍस्कीच (साधी इंग्लिश अक्षरं, आकडे, चिन्हं, प्रत्येकी एक बाइट) उरतं आणि अक्षरं तितकेच बाइट हे गणित योगायोगाने जुळतं. सेटिंग बदललं आणि जुळेनासं झालं. हास्केलने 4 बाइट लांबी वाचली, तेवढेच बाइट घेतले, अर्धवट जेसन पार्स झालं नाही, आमच्या कोडने तो मेसेज लॉग करून सोडून दिला आणि पुढचा मेसेज वाचायला गेला, पण पाइपमध्ये तर आधीच्याच मेसेजचं शेपूट पडलेलं. त्या शेपटातले पहिले 4 बाइट हास्केलने लांबी म्हणून वाचले. देवनागरी अक्षराची सुरुवात हेक्समध्ये ई-शून्य, ए-चार अशी होते, ते 32 बिटांचा आकडा म्हणून वाचलं की साधारण 376 कोटी येतात. म्हणजे हास्केल 376 कोटी बाइट येण्याची वाट बघत होतं!

तेव्हा आधी यूटीएफ-8 मध्ये एन्कोड करा आणि मग बाइटची लांबी मोजा. हास्केलमध्येही पाइपवर स्ट्रिंग किंवा टेक्स्टने लिहू-वाचू नका, बाइटस्ट्रिंगच वापरा. टेक्स्ट म्हणून वाचलं की हास्केल मशीनचं लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, बघतं, लॅपटॉपवर ते यूटीएफ-8 असतं आणि डॉकरमध्ये बऱ्याचदा नुसतं 'सी', मग पहिल्याच मराठी अक्षराला 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' येतो. पायथन 3.7 पासून अशा वेळी आपणहून यूटीएफ-8 धरतं, हास्केल धरत नाही, म्हणून एक बाजू चालते आणि दुसरी पडते आणि माणूस चुकीच्या बाजूला शोधत बसतो. आणि फ्रेम, म्हणजे लांबी आणि मेसेजची जोडी, एकदा बिघडली की तो मेसेज सोडून पुढे जायचं नाही, वर्कर, म्हणजे ती पायथनची प्रोसेस, मारायचा आणि नवा उठवायचा, कारण पाइपमध्ये आपण कुठे आहोत हे कळायला दुसरा काहीच मार्ग नाही.

टाइमआउटचंही तसंच आहे आणि तो जास्त वाईट कारण तिथे काही थांबत नाही. समजा तुम्ही एका पत्त्यासाठी 5 सेकंद वाट बघितली, उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला, तुम्ही पुढचा पत्ता पाठवला. पहिल्या पत्त्याचं उत्तर आता येतं, आणि ते तुम्ही दुसऱ्या पत्त्याचं म्हणून घेता. तिथून पुढे प्रत्येक पार्सलला आधीच्या माणसाचा पत्ता, टाइप बरोबर, जेसन बरोबर, माल भलत्याच्या घरी. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एक नंबर द्या, तोच नंबर उत्तरात परत मागा, आणि टाइमआउट झाला की तो वर्कर बंद करा. अनेक थ्रेड एकाच पाइपवर लिहिणार असतील तर हास्केलच्या एमव्हारचं कुलूप लावा. जास्त वेग हवा असेल तर तीन-चार वर्करचा पूल करा, पायथनमधल्या जीआयएलमुळे (इंटरप्रिटरचं एकमेव कुलूप) एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, तेव्हा वेगवेगळ्या प्रोसेस हाच तिथला सरळ उपाय आहे.

अजून एक बारीक गोष्ट. पायथनच्या कोडमध्ये कुठेतरी खोल एखादा प्रिंट असतो, किंवा लायब्ररीच काहीतरी छापते, आणि ते थेट तुमच्या पाइपमध्ये येऊन पडतं. वर्कर सुरू होतानाच खरा स्टँडर्ड आउटपुट एका व्हेरिएबलमध्ये बाजूला काढून ठेवा आणि सिस डॉट एसटीडीआउटला एसटीडीएररकडे (एररसाठीचं वेगळं आउटपुट) वळवा. आणि एसटीडीएररसाठी वेगळा पाइप करून तो न वाचता सोडू नका, लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतात, ते भरले की पायथन तिथेच अडकतं. तो इनहेरिट करा, लॉगमध्ये जाऊ दे.

आता टाइपचं बोलते, कारण मला ह्या सगळ्यात तेच सगळ्यात जवळचं आहे. आपण हास्केल वापरतो ते कशासाठी, तर पिनकोड म्हणून जे हातात आहे ते पिनकोडच आहे ही खात्री हवी म्हणून. पायथनकडून येतो तो नुसता डिक्शनरीचा ढीग. तो ढीग तसाच आत घेऊन दहा फंक्शनमधून फिरवू नका, दारातच एकदा तपासा, एसॉनने (हास्केलची जेसन लायब्ररी) डीकोड करा, निकाल आयदरमध्ये ('चूक किंवा बरोबर किंमत' असा टाइप) घ्या, आणि आत जाईल ते फक्त तुमच्या स्वतःच्या टाइपचं. आमच्याकडे पिनकोडवरून काय झालं बघा. कोणी तरी पत्त्यात पिनकोड मराठी आकड्यांत लिहिला, ४११०३०. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे बिनतक्रार स्वीकारतं, इझडिजिटही खरं म्हणतं, म्हणून पायथनने तो योग्य ठरवला आणि स्ट्रिंग म्हणून जसाच्या तसा पुढे पाठवला. हास्केलचं इझडिजिट फक्त 0 ते 9 ऍस्की आकडे मानतं आणि स्ट्रिंगचा आकडा करणारं रीडमेबी अशा स्ट्रिंगला नथिंग, म्हणजे 'काही नाही', देतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण मध्ये पार्सल अडकलं. ही तपासणी दारात होती म्हणून लगेच सापडलं, आत कुठे असती तर कोणत्या फंक्शनपासून शोधायचं हेच कळलं नसतं. तसंच पांडाजमधली रिकामी किंमत एनएएन ('आकडा नाही') म्हणून येते, पायथन ती जेसनमध्ये बिनदिक्कत लिहितं, पण जेसनच्या नियमात एनएएन नाहीच, एसॉन ती नाकारतं. पैशाचे आकडे तर फ्लोट म्हणून पाठवूच नका, स्ट्रिंग म्हणून पाठवा आणि हास्केलमध्ये पार्स करा.

आणि कृपा करून हा कॉल अनसेफपरफॉर्मआयओमध्ये गुंडाळून प्युअर (बाहेरच्या जगाशी संबंध नसलेलं) फंक्शन असल्यासारखा वापरू नका. कंपायलर तो कॉल एकदा करेल, दोनदा करेल किंवा करणारही नाही, त्याला तशी मुभा आहे. टाइपमध्ये आयओ, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण, दिसतंय ते दिसू दे, ते खरंच आयओ आहे.

एम्बेडिंगबद्दल विचारलंत म्हणून सांगते. पायथनला सी भाषेतून वापरायचं एपीआय आहे, हास्केलचं एफएफआय (दुसऱ्या भाषेतला कोड कॉल करायची सोय) सी बोलतं, त्यामुळे जोडता नक्की येतं. पण मग पायथनचे रेफरन्स काउंट (कुठली वस्तू किती ठिकाणी वापरात आहे ती मोजणी) तुम्ही सांभाळायचे आणि हास्केलचा गार्बेज कलेक्टर (नको ती मेमरी मोकळी करणारा) आपल्या वेळेने फायनलायझर, म्हणजे वस्तू टाकतानाचा कोड, चालवणार, त्या क्षणी जीआयएल तुमच्या हातात असेलच असं नाही. जीआयएल ओएसच्या थ्रेडला बांधलेला असतो आणि हास्केलचे हलके थ्रेड एका ओएस थ्रेडवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, म्हणून बाउंड थ्रेड, म्हणजे एकाच ओएस थ्रेडला बांधलेला थ्रेड, लागतो. फॉरेन इम्पोर्टवर (सीचं फंक्शन हास्केलमध्ये आणणारी ओळ) 'अनसेफ' लिहिलंत तर तो कॉल चालू असेपर्यंत गार्बेज कलेक्शन होऊ शकत नाही, आणि पायथनला दोन सेकंद लागले तर कलेक्शनची वेळ आली की बाकीचे थ्रेडही तिथेच खोळंबतात, तेव्हा तिथे 'सेफ'च हवं. आणि पायथनमधली एखादी सी लायब्ररी सेगफॉल्ट झाली, म्हणजे मेमरीच्या चुकीने कोसळली, तर तुमचा सर्व्हरही तिच्याबरोबर गेला, वेगळी प्रोसेस असती तर फक्त वर्कर गेला असता. ऑक्टोबर 2024 मधल्या 3.13 पासून जीआयएलशिवायचं पायथनही मिळतं, आधी प्रायोगिक म्हणून आणि 3.14 पासून अधिकृत पर्याय म्हणून, पण जी सी एक्स्टेन्शन त्यासाठी तयार नाहीत ती लोड झाली की जीआयएल परत चालू होतो. मोठमोठे नमपाय लायब्ररीचे ऍरे (आकड्यांच्या रांगा) इकडून तिकडे न्यायचे असतील, जिथे जेसन करण्यातच सगळा वेळ जातो, तिथे एम्बेडिंगला अर्थ आहे. पत्त्यांसाठी नाही.

एक वेगळी वाट मात्र लक्षात ठेवा. जुना पायथन कोड वापरायचा नसून वापरणाऱ्यांना छोटे नियम लिहू द्यायचे असतील तर पायथन सोडा आणि लुआ घ्या. ती भाषा 1993 मध्ये ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात तयार झाली तीच मुळी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसण्यासाठी, आणि हास्केलमध्ये तिच्यासाठी एचएसलुआ ही लायब्ररी आहे. पॅनडॉक (डॉक्युमेंट एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणारा प्रोग्रॅम) हास्केलमध्ये लिहिलेला आहे आणि त्याच्यात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात: आधी फिल्टर म्हणजे वेगळा प्रोग्रॅम, जेसन आत, जेसन बाहेर, कुठल्याही भाषेत लिहा, मग 2017 मध्ये आवृत्ती 2.0 पासून लुआमधले फिल्टर आतच चालायला लागले, आणि जुना मार्गही ठेवला. त्याचा सोर्स वाचण्यासारखा आहे, मी बरंच तिथूनच शिकले.

तुमच्या वीस हजार रेकॉर्डला दोन वर्कर भरपूर होतील, कमी पडले तर एकेक पत्ता पाठवण्याऐवजी शंभर-शंभर एका मेसेजमध्ये पाठवा. वर्कर लिहिल्यावर पहिली टेस्ट इंग्लिश पत्त्याने करू नका. आमच्या रेपोत तीन टेस्ट कायम असतात: मराठी आकड्यांत पिनकोड असलेला सदाशिव पेठेतला पत्ता, पूर्ण रिकामा पत्ता, आणि एक लाख अक्षरांचा पत्ता जो पाइपच्या 64 केबीत मावत नाही. ह्यातली कुठली अडकली तर तुमचा वाचायचा लूप प्रश्नात टाका, मी बघते.