चार पायांवर चालून शेळी कळते का?

एक ब्रिटिश माणूस शेळी होऊन डोंगरात राहिला, अशानं प्राण्याचं जगणं खरंच कळतं की हा नुसता वेडेपणा, असं तुम्ही विचारलंय. माझं लहानपण शेळ्यांमागे गेलं, आजही दारात चार उस्मानाबादी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो माणूस म्हणजे लंडनचा डिझायनर थॉमस थ्वेट्स. आधी त्याला हत्ती व्हायचं होतं, मग तो शेळीवर आला. कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांकडून त्यानं पुढचे पाय करून घेतले आणि स्विस आल्प्समध्ये कळपासोबत तीन दिवस काढले. 2016 साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं तेव्हा लोक हसले. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, कारण आपण कुठे कमी पडलो ते त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

चढण त्याला जमली, उतारावर हाल झाले. उतरताना सगळा भार पुढे येतो. शेळीला आपल्यासारखं कॉलरबोन नसतं, तिचे पुढचे पाय स्नायूंनीच छातीला बांधलेले असतात, त्यामुळे उडीचा दणका तिथेच जिरतो. आपला खांदा त्यासाठी घडलेलाच नाही.

पण पायांपेक्षा पोट अवघड. दुपारी बाभळीखाली बसलेली शेळी जवळून बघा. जबडा थांबतो, घास गिळल्याचं मानेवर दिसतं. क्षणभर काहीच नाही. मग पुढचा गोळा कातडीखालून वर सरकताना दिसतो आणि जबडा परत आडवा फिरायला लागतो. पाला पचवण्याचं खरं काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. ते आपल्याकडे नाहीत. थ्वेट्स गवत चावून पिशवीत थुंकायचा आणि रात्री प्रेशर कुकरमध्ये शिजवून खायचा. शेळीचे दिवसातले कित्येक तास रवंथात जातात, आणि नेमका तोच भाग त्याला मिळाला नाही.

तरी एक गोष्ट त्याला मिळाली. चालता चालता तो कळपाच्या वरच्या अंगाला जाऊन उभा राहिला, तशा सगळ्या शेळ्या चरायच्या थांबून त्याच्याकडे बघू लागल्या. आमच्याकडेही ओट्याची वरची पायरी थोरल्या शेळीची, दुसरी चढली की टक्कर ठरलेली. त्या क्षणी तरी कळपानं त्याला दखल घेण्याजोगा मानलं, असं मी समजतो. हे पुस्तकातून कळत नाही.

तुम्हाला स्वतः काही करून बघायचं असेल तर पायांपासून नको, नाकापासून सुरुवात करा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 32 जणांना डोळे-कान बंद करून, हातमोजे घालून गवतावर रांगायला लावलं होतं. समोर चॉकलेटच्या वासाची 10 मीटर दोरी होती. दोन तृतीयांश लोकांनी नुसत्या वासावर माग काढला, आणि तोही कुत्र्यासारखा नागमोडी जात. त्यांतल्या काहींनी सराव केला तेव्हा त्यांचा वेग वाढला.

गेल्या पावसाळ्यात मी सुतळी लवंगेच्या तेलात भिजवून परसातल्या गवतात टाकली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून रांगलो. वास सुटला की मान आपोआप डावी-उजवीकडे जायची, परत सापडला की सरळ. आमचा कुत्रा रस्त्यात असा का वळतो ते तेव्हा अंगातून समजलं. तुम्ही कराल तर सकाळी दव असताना करा, आणि गुडघ्यांना गोणपाट बांधा.